जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचा फ्युएल पंप आणि होज बदलायचा तर टाकीपासून सुरुवात करा

गाडी गरम झाली की झटके देते, चढावर पेट्रोल कमी पडतं, चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, आणि मग निदान ठरलेलं असतं, पंप गेला. नवा पंप आणला जातो, दोन बोल्ट काढून बसवला जातो, आणि नळ्या मात्र जुन्याच राहतात कारण त्या बाहेरून ठीक दिसतात. आठवड्याभरात एकतर तोच प्रॉब्लेम परत येतो, नाहीतर बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो. कारण साधं आहे. जुना दमलेला पंप कमी प्रेशर देत होता म्हणून जुनी होज (रबरी नळी) कशीबशी तग धरून होती, नव्या पंपाने पूर्ण प्रेशर दिल्यावर तीच होज जिथे कडक झालीये तिथे फुटते, आणि ती जागा बहुतेक गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) किंवा एक्झॉस्टच्या अगदी जवळ असते.

म्हणून टाकी ते कार्बोरेटर ही सगळी लाईन एकच काम समजून एकदाच करायची, आणि ती मागून पुढे करायची. आधी टाकीची बाजू, मग पंप, आणि कार्बोरेटरची बाजू अगदी शेवटी. बहुतेक लोक बरोब्बर उलट करतात, कारण पुढचं काम दिसतं आणि हाताला येतं.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः मेकॅनिकल डायफ्राम पंपाबद्दल आहे, म्हणजे जो इंजिनावर बसतो आणि कॅमशाफ्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो तो. इलेक्ट्रिक पंपाबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

१. पंपच गेलाय का ते आधी बघा

पंपाचं काम कसं चालतं ते दोन ओळीत समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कॅम लिव्हर ढकलतो, लिव्हर डायफ्राम (आतला लवचिक पडदा) खाली ओढतो, त्यामुळे टाकीकडून पेट्रोल खेचलं जातं. मग पंपाच्या आतली स्प्रिंग डायफ्राम वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. म्हणजे प्रेशर स्प्रिंग ठरवते, इंजिनाचा वेग नाही. आणि पंपाच्या मागची सगळी लाईन खेचाखेचीवर चालते, तिथे प्रेशर नसतंच.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. पंपाच्या मागच्या होजला बारीक चीर असेल तर तिथून पेट्रोल बाहेर टपकेलच असं नाही, उलट हवा आत जाते. फाटक्या स्ट्रॉने सरबत पिण्यासारखं होतं, जोर लावला तरी अर्धी हवाच येते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, त्यामुळे दोष पंपावर जातो.

तपासायचा क्रम असा ठेवा:

टाकीचं झाकण उघडा. आत जोरात हवा खेचल्याचा सूंऽ आवाज आला तर झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) बुजलाय. झाकण सैल ठेवून गाडी चालवल्यावर त्रास थांबला तर पंपाला हातही लावायची गरज नाही.

मग डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, पातळी वर चढलीये, ऑइल पातळ झालंय, तर डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल सरळ संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतंय. अशा वेळी इंजिन आणखी चालवू नका, बेअरिंगना पातळ ऑइल पुरत नाही. पंप बदलल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलायचा, हे विसरतात लोक. (पंपाच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल झिरपत असेल तरी तेच निदान.)

मग गेज लावा. कार्बोरेटरच्या अलीकडे टी (तीन तोंडांचा जोड) जोडून कमी प्रेशरचं गेज लावायचं, ० ते १५ पीएसआयचं (पीएसआय हे प्रेशरचं एकक) पुरतं. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना साधारण २ ते ५ पीएसआय लागतं, मोठ्या अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांना ५ ते ७ पर्यंत, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. प्रेशर ठीक असून पेट्रोलच कमी येतंय असंही होतं, म्हणून मात्राही बघायची. बऱ्याच व्ही-८ च्या मॅन्युअलमध्ये ३० सेकंदांत एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास, असा हिशोब दिलेला असतो, छोट्या इंजिनाला त्याहून कमी.

आणि सगळ्यात खात्रीची टेस्ट ही: पंपाच्या इनलेटची जुनी नळी काढून तिथे नव्या होजचा एक तुकडा लावा आणि त्याचं दुसरं टोक चांगल्या पेट्रोलच्या धातूच्या कॅनमध्ये सोडा, कॅन इंजिनापासून लांब, न पडेल असा ठेवून. गाडी जागेवरच चालू करा. आता ती गरम होऊनही व्यवस्थित चालतेय, तर पंप बरा आहे आणि रोग टाकी ते पंप या भागात आहे. तशीच झटके देतेय तर पंपाकडे किंवा पुढे कार्बोरेटरकडे बघा.

२. सामान: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

होज घेताना "पेट्रोलची नळी द्या" एवढंच म्हणून चालत नाही. होजवर छापलेलं वाचा. एसएई (अमेरिकन वाहन-अभियंत्यांची संस्था) च्या जे३० या स्टँडर्डमधली आर६ किंवा आर७ ही कमी प्रेशरची, कार्बोरेटरसाठीची साधी होज. आर९ ला आतून फ्लुओरोइलॅस्टोमर या खास रबराचा थर असतो, ती जास्त प्रेशर घेते आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये खूप जास्त टिकते. आजकाल पेट्रोलमध्ये १० टक्के किंवा त्याहून जास्त इथेनॉल असतं, आणि जुन्या काळातलं रबर या मिश्रणासाठी बनवलेलंच नव्हतं, ते आतून मऊ होतं, चिकट होतं, त्याचे काळे कण सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) जाऊन बसतात. म्हणून माझं सांगणं, गाडी कार्बोरेटरची असली तरी आर९ च घ्या. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा असेल तर फक्त आर१०, कारण बाकीच्या होजना बाहेरूनही पेट्रोल लागत राहिलं की त्यांचं बाहेरचं आवरण खराब होतं.

काही होजवर छापलेलंच नसतं काही, ना स्टँडर्ड ना तारीख. अशी होज कितीही चांगली वाटली तरी घेऊ नका. कापडाची वीण असलेली होज जुन्या युरोपियन गाड्यांवर मूळची असते आणि दिसायला ती फार सुंदर दिसते हे खरं, पण वीण आतल्या चिरा लपवते. स्टीलची वीण असलेल्या स्वस्त होजचंही तेच, आत काय रबर आहे ते कळतच नाही. लावायचीच असेल तर चांगल्या बनावटीची घ्या आणि दर वर्षी एक टोक काढून वाकवून बघा.

पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, व्हॅक्युमची नळी, पाण्याची नळी, यातलं काहीही तात्पुरतं म्हणूनसुद्धा नको. पारदर्शक नळी पेट्रोलने कडक होते आणि मग क्लॅम्पखाली तडकते.

माप कॅलिपरने घ्या. ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिमी, तिथे ८ मिमीची होज चालते. पण १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, तिथे ६ ची घट्ट जाते आणि ८ ची लावून क्लॅम्प आवळून आवळून बसवली जाते, ही सर्रास दिसणारी चूक आहे. जास्त मोठी होज क्लॅम्पखाली घडी पडून दुमडते आणि त्या घडीतून पेट्रोल झिरपतं. कितीही आवळा, थांबत नाही.

क्लॅम्प: पट्टीला आरपार खाचा असलेले साधे वर्म क्लॅम्प बारीक होजवर नकोत, त्या खाचांमधून रबर वर येतं आणि कापलं जातं. कडा बाहेर वळवलेले, नट-बोल्टने आवळायचे फ्युएल इंजेक्शनवाले क्लॅम्प घ्या, होजच्या बाहेरच्या व्यासाच्या मापाचे.

बाकी लागेल ते: पंपाची गॅस्केट (दोन लागू शकतात), पंप आणि इंजिनाच्या मध्ये जाड बेकेलाईटसारखा स्पेसर असेल तर तो तडकलेला नाही ना ते बघून गरज पडली तर नवा, फिल्टर, रबरी ग्रोमेट, लाईन धरायच्या रबर लावलेल्या पी-क्लिपा, आणि मेटल लाईनच्या नटसाठी फ्लेअर नट पाना (नटला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा). साधा फिक्स पाना त्या मऊ जुन्या नटच्या कडा गोल करतो आणि मग लाईन कापण्याशिवाय पर्याय राहत नाही.

> तपासा: नवा आणि जुना पंप शेजारी ठेवून बघा. लिव्हरची लांबी, लिव्हरचा बाक, फ्लँजवरच्या (इंजिनाला टेकणाऱ्या बोल्टच्या पाटीवरच्या) भोकांतलं अंतर, इनलेट-आउटलेटची दिशा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या इंजिनांना वेगळे लिव्हर असू शकतात. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर डायनमोवाल्या इंजिनाची पंप पुशरॉड (कॅमचा धक्का पंपापर्यंत पोचवणारा दांडा) १०८ मिमी आणि अल्टरनेटरवाल्याची १०० मिमी, चुकीची जोडी लावली की पंप मोडतो नाहीतर पेट्रोलच देत नाही.

३. काम सुरू करण्याआधी

हा भाग वाचून सोडून देऊ नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या रोजच्या हवेत ती कायम पेटायला तयारच असते. आणि ती हवेपेक्षा जड आहे, जमिनीवर पसरत जाते आणि खोलगट जागी साचते.

त्यामुळे सर्व्हिस पिटमध्ये उतरून हे काम करायचं नाही. मोकळ्या हवेत, सपाट जागी, गाडी जॅक-स्टँडवर, चाकांना अडसर. इंजिन पूर्ण गार, रात्रभर उभं असलेलं सगळ्यात उत्तम. बॅटरीची अर्थ केबल काढलेली (काही जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात, त्यामुळे फक्त "मायनस काढा" म्हणून चालत नाही, जी बॉडीला गेलीये ती काढा). उजेडाला एलईडी टॉर्च, काचेचा बल्ब असलेला हँडलॅम्प नको, एक थेंब गरम काचेवर पडला की बल्ब फुटतो. जवळपास गिझर, हीटर, ग्राइंडर, सिगरेट काहीही चालू नको. पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर, गाडीच्या पलीकडे नाही.

टाकीत पेट्रोल शक्य तितकं कमी असू द्या. टाकी पंपापेक्षा उंचावर असेल तर नळी काढताच पेट्रोल आपोआप वाहायला लागतं आणि थांबत नाही, म्हणून आधी उपसून धातूच्या कॅनमध्ये घ्या. कॅन जमिनीवर टेकलेला हवा, हातात धरलेला किंवा प्लॅस्टिकवर ठेवलेला नको, स्थिर विजेची ठिणगी पुरते.

> सावधान: वाहणं थांबवायला जुनी होज पक्कडीने चिमटून ठेवू नका. बाहेरून काही दिसत नाही, आत ती फाटते. टोकात योग्य जाडीचा गुळगुळीत दांड्याचा बोल्ट घालून क्लॅम्प लावा.

सुरू करायच्या आधी मोबाईलवर भरपूर फोटो काढा. होज कुठून कशी जाते, कुठला क्लॅम्प कुठल्या दिशेला, रिटर्न लाईन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी) कुठली. आणि प्रत्येक होजला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा.

४. टाकीची बाजू

गाडीखाली जाऊन टाकीच्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रबरी तुकड्याची मोजणी करा. मुख्य लाईनचा एक तुकडा सगळ्यांना दिसतो. पण व्हेंटची नळी, रिटर्नची नळी आणि फिलर नेकचा तो जाड रबरी जोड हे तिघेही तितकेच जुने असतात. फिलरचा जोड तडकला असेल तर टाकी फुल भरल्यावर, वळणावर पेट्रोल बाहेर येतं आणि लोक शोधत बसतात गळती कुठे आहे.

जुनी होज ओढून काढू नका. टाकीचा नळीचा तुकडा बहुतेक वेळा पातळ पत्र्याला डाख लावून जोडलेला असतो, हिसका दिला की तो डाखच सुटतो आणि मग टाकी उतरवावी लागते. होजला लांबीच्या दिशेने ब्लेडने हलकी चीर द्या आणि सोलून काढा, ब्लेड खालच्या धातूवर ओरखडा पाडणार नाही इतक्या हलक्या हाताने. ओरखडा म्हणजे पुढची गळती.

आता मधली मेटल लाईन. ही बदलायची का ठेवायची हा निर्णय क्लिपांखाली बघून घ्या, कारण गंज तिथेच लपतो, पाणी आणि माती धरून ठेवणाऱ्या जागी. वरून चकचकीत लाईन क्लिपखाली नखाने दाबली तर आत जाते असं होतं. ठेवणार असाल तर दोन्ही टोकं मोकळी करून पुढून मागे हलक्या प्रेशरने हवा मारा, टाकीकडचं टोक फडक्यात धरून. टाकी जोडलेली असताना हवा मारायची नाही, सगळी घाण टाकीतल्या जाळीवर जाऊन बसते आणि टाकीला प्रेशर येतं ते वेगळंच. बदलणार असाल तर स्टील किंवा कॉपर-निकेल घ्या. निव्वळ तांबं व्हायब्रेशनने कडक होत जातं आणि वाकवलेल्या जागी तडकतं. जिथे होज चढणार तिथे पाईपच्या टोकाला बारीक फुगवटा काढलेला हवा, सरळ कापलेल्या पाईपवरून होज कधीतरी सटकतेच.

नवी होज धारदार ब्लेडने काटकोनात कापा. हॅकसॉने कापली तर रबराचा चुरा आत राहतो आणि तो सरळ कार्बोरेटरमध्ये पोचतो. कापल्यावर आतून फुंकून घ्या, पाईपवर पेट्रोलचा किंवा पातळ ऑइलचा थेंब लावून चढवा, निदान २५ मिमी आत जाऊ द्या, क्लॅम्प फुगवट्याच्या मागे यायला हवा, फुगवट्यावर नाही.

फिल्टर शक्यतो टाकी आणि पंपाच्या मध्ये, बाणाची दिशा पंपाकडे. ते काचेचे किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचे छोटे फिल्टर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये, इंजिनाच्या वर लटकवलेले खूप गाड्यांवर दिसतात आणि मला ते बघवत नाही. तिथे प्रेशर असतं, उष्णता असते, व्हायब्रेशन असतं, आणि दोन जोड वाढतात तेही इग्निशनच्या डोक्यावर. मागे लावा, मेटल बॉडीचा लावा. प्रेशरच्या बाजूला मूळ गाडीतच फिल्टर असेल तर तो मूळच्या जागी, मूळच्या प्रकारचाच.

> तपासा: होज कुठेही बॉडीच्या पत्र्याच्या कडेला टेकत नाही, सायलेन्सरच्या पाईपपासून लांब आहे, मागचं सस्पेन्शन वर-खाली झालं तरी ताणली जात नाही. पत्र्यातून आरपार जाते तिथे ग्रोमेट. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. जुना पंप काढणं

स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरवणं सोपं जातं. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला हळू फिरवा आणि पंपाच्या खालचा हाताने चालवायचा प्रायमिंग लिव्हर असेल तर तो हलवत रहा. लिव्हर पूर्ण मोकळा, पूर्ण स्ट्रोकने चालतो ती जागा म्हणजे कॅमची खालची बाजू. तिथे थांबा. आता पंपावर लिव्हरचा ताण सगळ्यात कमी आहे, काढताना आणि नवा बसवताना दोन्ही वेळा याचाच फायदा होतो. प्रायमिंग लिव्हर नसेल तर बोल्ट दोन-दोन आटे सैल करून बघा, पंप जोरात बाहेर ढकलला जात असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, कॅम अर्धाच फिरतो.

मेटल लाईन सोडवताना दोन पाने वापरा, एकाने पंपाचं फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर लाईन पिळली जाते नाहीतर पंपाच्या बॉडीतले आटे जातात. नट हलत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून तासभर थांबा. गरम करायचा विचारही नको.

पंपामागे पुशरॉड असलेली इंजिनं वेगळी सांभाळा. स्मॉल ब्लॉक शेवरलेमध्ये पंप काढला की पुशरॉड खाली घसरतो आणि नवा पंप बसतच नाही. घट्ट ग्रीस लावून तो वर चिकटवा, किंवा ब्लॉकच्या पुढच्या बाजूला पुशरॉडच्या समोर जो बोल्ट येतो तो काढून तिथे लांब बोल्ट हाताने हलकासा टेकवा म्हणजे रॉड धरून राहील. काम झाल्यावर मूळचा आखूड बोल्ट आटे सील करून परत लावलाच पाहिजे, लांब बोल्ट राहून गेला तर रॉड अडकून पंप चालणार नाही.

पंप निघाल्यावर भोकात स्वच्छ फडकं घाला आणि मगच जुनी गॅस्केट खरवडा. तुकडे आत पडले तर संपमध्ये जातात.

६. नवा पंप बसवणं

गॅस्केट आणि स्पेसरची जाडी इथे फक्त गळती थांबवण्यासाठी नसते, तिच्यावर लिव्हरचा स्ट्रोक ठरतो. जास्तीची गॅस्केट टाकली तर स्ट्रोक कमी होऊन पेट्रोल कमी येतं, कमी टाकली तर लिव्हर शेवटपर्यंत दाबला जाऊन डायफ्राम ताणला जातो किंवा लिव्हरच मोडतो. मूळचे जेवढे होते तेवढेच, त्याच क्रमाने. स्पेसर उष्णता अडवण्याचंही काम करतो, तो काढून टाकून "थेट बसवला" असं करू नका.

सिलिकॉन सीलंट पेट्रोल लागतं तिथे कुठेही नको, पेट्रोलने तो फुगतो, त्याचे धागे सुटतात आणि नीडल व्हॉल्व्हमध्ये (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईत) अडकतात. पंप आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटला ऑइल आणि पेट्रोल दोन्ही सोसणाऱ्या, न वाळणाऱ्या गॅस्केट पेस्टचा पातळ हात पुरतो. फ्लेअर जोडाला टेफ्लॉन टेपची गरजच नसते, तिथे सील धातूवर धातू बसून होतं. निमुळते आटे असलेल्या फिटिंगला पेट्रोल सोसणारी पेस्ट लावा, पहिले दोन आटे मोकळे सोडून.

आता लिव्हर. टोकाला इंजिन ऑइल लावा, फ्लँज तिरका धरून लिव्हर आत सरकवा आणि तो एक्सेंट्रिकच्या (कॅमशाफ्टवरच्या, लिव्हर हलवणाऱ्या उंचवट्याच्या) योग्य बाजूला टेकलाय याची खात्री करा. काही इंजिनांत तो वरून बसतो, काहींत खालून, काहींत बाजूने. टॉर्च मारून भोकातून बघा, जुन्या लिव्हरवर झिजलेली चकचकीत जागा कुठल्या बाजूला आहे तेही बघा, तीच खूण. चुकीच्या बाजूला घुसवून बोल्ट आवळले की सेल्फच्या पहिल्या फेऱ्यातच लिव्हर मोडतो आणि तुकडा संपमध्ये.

पंप हाताने दाबून फ्लँज ब्लॉकला सपाट टेकला पाहिजे, किंवा स्प्रिंगमुळे अगदी थोडा उचललेला. बोटभर फट राहत असेल तर कॅम वर आहे किंवा लिव्हर चुकलाय, बोल्टने ओढून फट मिटवू नका. दोन्ही बोल्ट आधी हाताने धरवा, मग आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर मॅन्युअलमधला टॉर्क बघूनच. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की फ्लँज वाकतो आणि तिथून आयुष्यभर ऑइल गळत राहतं.

लाईनचे नटही बोल्टच्या आधी हाताने दोन-तीन आटे धरवून ठेवा, पंप घट्ट झाल्यावर नट तिरका धरण्याची शक्यता फार.

> तपासा: प्रायमिंग लिव्हर चालवून बघा, आत डायफ्रामचा ताण हाताला जाणवतो का. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडकतंय किंवा टक्क आवाज येतोय तर तिथेच थांबा, सेल्फ मारू नका.

७. कार्बोरेटर जोडण्याआधी डब्यात पेट्रोल काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि नंतर कार्बोरेटर उघडत बसतात. नवी लाईन, नवी होज, नवा पंप, कितीही साफ केलं तरी आत कण राहतात, रबराचा चुरा, गंज, धातूचा कीस. ते कार्बोरेटरमध्ये जाण्याआधी बाहेर काढायचे.

टाकीत १० लिटर तरी ताजं पेट्रोल घाला. पंपाच्या आउटलेटला होजचा लांब तुकडा लावून तो धातूच्या डब्यात सोडा, डबा इंजिनापासून लांब. प्रायमिंग लिव्हरने हळूहळू पेट्रोल खेचा, सुरुवातीला बरीच हवा येईल, धीर धरा. प्रायमिंग लिव्हर नसेल तर इग्निशन कॉइलची वायर काढून बाजूला बांधा, प्लग परत बसवा आणि मगच बॅटरी जोडून सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळतो. पाव ते अर्धा लिटर काढा आणि स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतून उजेडात बघा. कण दिसतायत तर परत काढा.

बुडबुडे थांबतच नसतील तर खेचणीच्या बाजूला कुठेतरी हवा जातेय. मागे जाऊन एकेक जोड बघा. आता सापडलं तर बरं, कारण रस्त्यावर हेच पंप हवा धरतो म्हणून समोर येतं.

८. कार्बोरेटरची बाजू

होज जोडण्याआधी कार्बोरेटरची इनलेट नळी बोटात धरून हलवून बघा. बऱ्याच जुन्या कार्बोरेटरमध्ये ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल होते. जरा जरी फिरत असेल तर तशी गाडी चालवू नका. चालत्या गाडीत ती नळी होजसकट निघून येते आणि पंप पेट्रोल सरळ गरम इंजिनावर फेकत राहतो. योग्य दुरुस्ती म्हणजे आटे पाडून स्क्रूवालं फिटिंग बसवणं, हे काम मशीनवाल्याकडून करून घ्या.

होजचा मार्ग डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा, पण उगाच लांब वेटोळंही नको, तिथे पेट्रोल तापून वाफ धरतं आणि गरम गाडी सुरूच होत नाही. इंजिन माउंटिंगवर हलतं, त्यामुळे थोडी ढील हवी. क्लॅम्प होजचं रबर किंचित दबेल इतकाच आवळा.

९. सुरू करा आणि गळती शोधा

फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भांड्याच्या) व्हेंटमधून सिरिंजने थोडं पेट्रोल भरलं की सेल्फ कमी मारावा लागतो. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारणं बंद करा, बॅकफायर झाला की हातातली बाटलीच पेटते.

प्लग, बॅटरी आणि कॉइल परत जोडलेलं आहे ना ते बघा, एक माणूस अग्निशामक घेऊन बाजूला उभा, आणि सुरू करा. इंजिन चालू असताना पांढरा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाखाली फिरवा, पंखा आणि पट्ट्यापासून हात सांभाळून. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. मग गेज परत बघा. प्रेशर गरजेपेक्षा जास्त असेल, आणि नव्या पंपांमध्ये हे होतं, तर नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल अडवू शकत नाही, फ्लोट बाऊल ओव्हरफ्लो होतो. अशा वेळी रेग्युलेटर लावा किंवा पंप बदलून घ्या, फ्लोट वाकवून भागवू नका.

इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, १५ मिनिटांनी परत सगळे जोड बघा. उष्णतेने होज मऊ झाल्यावर क्लॅम्प सैल पडतात ते तेव्हा कळतं.

इलेक्ट्रिक पंप लावत असाल तर

तो टाकीच्या जवळ, खालच्या पातळीवर लावा, या पंपाला ढकलणं जमतं, खेचणं तेवढं जमत नाही. कमी प्रेशरचाच घ्या. फ्युएल इंजेक्शनचा पंप बहुतेक वेळा ४० पीएसआयच्या वर देतो, तो कार्बोरेटरला कधीही नको. जुना मेकॅनिकल पंप काढून तिथे ब्लँकिंग प्लेट (भोक बंद करायची पट्टी) लावा, फाटक्या डायफ्रामचा पंप लाईनमध्ये तसाच राहिला तर इलेक्ट्रिक पंप पूर्ण जोराने ऑइलमध्ये पेट्रोल भरेल.

वायरिंग फ्यूज आणि रिलेमधून. नुसतं इग्निशनवरून जोडलं तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही पंप चालूच राहतो. म्हणून धक्का बसला की तोडणारा इनर्शिया स्विच लावाच, आणि जमलं तर ऑइल प्रेशर स्विचमधूनही सप्लाय न्या. पॉझिटिव्ह अर्थ गाडी असेल तर पंप त्या जोडणीला चालणारा आहे का ते घेतानाच बघा, ट्रान्झिस्टरवाले बरेच पंप उलट जोडले की तिथल्या तिथे जळतात.

पहिले काही दिवस

पहिल्या रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. बंद जागेत पेट्रोलचा वास येत असेल तर कुठेतरी गळतंयच, "नवी होज आहे, वास येणारच" असं समजू नका. १०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प गार इंजिनावर एकदा तपासून हलके आवळा. फिल्टर तेव्हाच उघडून बघा, त्यात लाल-तपकिरी गंज साचलेला असेल तर टाकी आतून सडतेय आणि ती साफ केल्याशिवाय नवा पंपही फार टिकणार नाही. आणि होजवरची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. रबर बाहेरून कितीही ठीक दिसलं तरी पाच वर्षांनी मी ते बदलतोच, फिलर नेकच्या जोडासकट.